इंजिनाची नाडीपरीक्षा

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावी नांदत होती. सुप्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. बागा, पाहुणेघर व वीजघर यांबरोबरच संस्थानच्या मोटारींची देखरेखही त्यांच्याकडे असे. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. आज धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे मोटारींचे कारखाने आहेत. अशा प्रदेशात जुनी मोटार पुन्हा चालती करण्याचा नाद कोणास लागला तर नवल ते काय? आम्हांसही तो लागला.

आमची गाडी फोर्ड मॉडेल ए. ही जात १९२७ ते १९३१ या काळात निघाली. इंजिनात चार नळकांडी, शक्ती ४० अश्वशक्ती. आम्ही इंजिन पूर्ण उलगडले. बेअरिंगांत बॅबिट नावाचा पांढरा धातू ओतून घासण्याचे अवघड काम एका वृद्ध मिस्त्रीकाकांनी केले. ठिणगीची वेळ मात्र आम्ही स्वतः जुळवली व त्याचा आम्हांस अभिमानही वाटला.

एके सकाळी देवासहून इंदूरमार्गे धारला जाण्यास निघालो. क्षिप्रेचा पूल येण्यापूर्वीच रेडिएटर उकळू लागले. चढावर गाडीस जोर म्हणून राहिला नाही. कशीबशी परत आणली आणि मिस्त्रीकाकांसमोर आम्ही बोलून गेलो, "काका, बेअरिंगे फार घट्ट बसवलीत तुम्ही." ते रागावले नाहीत. हँडल आमच्या हाती देत एवढेच म्हणाले, "इंजिन निवू द्या. मग चारही प्लग काढा आणि फिरवून पाहा."

विद्यार्थिमित्रहो, येथूनच खरा पाठ सुरू होतो. बेअरिंग आवळले असते तर हँडल कोठेतरी अडले असते. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने फिरले. आमचा आरोप तेथेच निकालात निघाला. दोष शोधणे मात्र उरले. तेव्हा आम्ही एक नियम केला : एका वेळी एकच गोष्ट तपासावयाची आणि तिचा निकाल लागल्याशिवाय दुसरीस हात लावावयाचा नाही.

प्रथम पाणी पाहिले. इंजिन थंड झाल्यावरच, कारण तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे म्हणजे हात भाजून घेणे होय. पाणी भरून पुन्हा सुरू केले. गळती नव्हती. पंख्याचा पट्टा ताठ होता. रेडिएटर सर्वत्र सारखे तापत होते, म्हणजे आत गाळ अडकलेला नव्हता. चारही नळकांड्यांतील दाब जवळजवळ समान भरला. झडपा व दट्ट्यांच्या कड्या निर्दोष ठरल्या. मिश्रणात पेट्रोल कमी पडले तरी इंजिन तापते, म्हणून ते किंचित वाढवून पाहिले. फरक पडला नाही.

राहिली ठिणगी. या गाडीच्या सुकाणूचक्राखाली डावीकडे एक दांडी असते. ती वर असता ठिणगी उशिरा पडते, खाली ओढली की लवकर. वेळ जुळवताना दांडी पूर्ण वर हवी. आम्ही ती अर्धी खाली असतानाच जुळवणी केली होती! त्यामुळे पुढे दांडी कोठेही ठेवली तरी ठिणगी उशिराच पडत होती.

उशिराच्या ठिणगीने इंजिन का तापावे? मिश्रण जळण्यास थोडा वेळ लागतो. ठिणगी वेळेवर पडली तर दट्ट्या वरच्या टोकाशी असतानाच जोराचा दाब निर्माण होऊन तो खाली रेटला जातो. उशीर झाला तर दट्ट्या खाली निघून गेल्यावरही ज्वाला जळतच राहते. तिची उष्णता कामी न येता नळकांड्याच्या भिंतींत व धूर जाण्याच्या मार्गात शिरते. एकाच कारणाने जोर घटतो आणि पाणीही उकळते.

दांडी वर करून वेळ पुन्हा जुळवली. दुसऱ्या दिवशी गाडी क्षिप्रेचा पूल ओलांडून बेताच्या वेगाने इंदूरला आणि तेथून धारला पोहोचली.

नव्याने बांधलेल्या इंजिनाची आणखी दोन लक्षणे ध्यानात ठेवावीत. निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा म्हणजे पेट्रोल अधिक. नव्या कड्या बसेपर्यंत थोडा निळा धूर क्षम्य असतो. ठोका ऐकू आला तर एकेका प्लगची ठिणगी आळीपाळीने बंद करावी. जिच्यावेळी ठोका मंदावेल, त्या नळकांड्याच्या बेअरिंगकडे प्रथम पाहावे.

परतल्यावर आम्ही मिस्त्रीकाकांकडे गेलो आणि चूक आमचीच होती हे सांगून क्षमा मागितली. ते हसले व म्हणाले, "गाडी आली ना धारेहून? मग झाले." दुसऱ्याच्या कामावर बोट ठेवण्यापूर्वी आपण जेथे हात लावला ती जागा आधी तपासावी, हे त्या दिवशी आम्ही शिकलो. गणिताचे उत्तर चुकले म्हणजे पुस्तकास दोष देणाऱ्या आमच्या बालमित्रांनीही ते शिकावे.