नोंदवह्या, डेटाबेस आणि एक रेंगाळलेली रात्र

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे बालदम्यावर लेख मागितला होता. त्या विषयावर आपल्यापैकी अनेकांनी माझ्याहून अधिकाराने लिहिले आहे. म्हणून त्यांची क्षमा मागून मी एका वेगळ्याच रुग्णाची हकीकत सादर करीत आहे. हा रुग्ण म्हणजे माझ्या दवाखान्यातील संगणक. मुख्य तक्रार : जुन्या नोंदी आत घेण्यास विलक्षण विलंब. आपल्यापैकी ज्या व्यवसायबंधूंच्या नोंदवह्या अजून कपाटात आहेत, त्यांना आज ना उद्या हेच करावे लागणार आहे. निदानात मी केलेल्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, हा या लेखाचा हेतू.

प्रथम पूर्वेतिहास. निपाणीत १९९८ साली मी दवाखाना सुरू केला तेव्हा नोंदी पुठ्ठा-बांधणीच्या वह्यांत होत. पुढे आमच्या स्वागतकक्षातील ताईंनी त्या एक्सेलमध्ये उतरविण्यास प्रारंभ केला. मुले सुमारे ३८,००० आणि त्यांच्या भेटी व लसी मिळून सुमारे ४,६०,००० ओळी. एक्सेलच्या २००३ च्या आवृत्तीत एका पानावर ६५,५३६ ओळीच मावत, त्यामुळे भेटींच्या आठ फायली झालेल्या. त्यातच आपल्या सीमाभागाचे वैशिष्ट्य असे, की चिकोडीकडील माता कन्नडमधील तायी कार्ड घेऊन येते, कागल-गडहिंग्लजकडील माता मराठी कार्ड घेऊन येते आणि वडिलांचे नाव मात्र बँकेच्या पासबुकावरून इंग्रजीत उतरविले जाते. एकच मूल तीन लिप्यांत!

१९७० साली आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी मांडलेली रिलेशनल डेटाबेसची कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. मुलाची माहिती एका तक्त्यात एकदाच लिहावयाची, त्याच्या भेटी दुसऱ्या तक्त्यात ठेवावयाच्या आणि दोहोंना जोडणारा दुवा म्हणून केसपेपरचा क्रमांक वापरावयाचा. नाव बदलेल, गाव बदलेल, क्रमांक बदलणार नाही. मी मायएसक्यूएल हा विनामूल्य मिळणारा डेटाबेस निवडला.

पहिला अडथळा उभारणीतच आला. सर्व्हर सुरू होई आणि क्षणात बंद पडे. मी तीन वेळा काढून पुन्हा बसविला. चौथ्या वेळी त्याची त्रुटींची नोंदवही, म्हणजे एरर लॉग, उघडून वाचली. हिशेबाच्या एका जुन्या प्रणालीबरोबर मायएसक्यूएलची आणखी एक प्रत संगणकात आधीच आलेली होती आणि ३३०६ हा पोर्ट क्रमांक तिने अडविला होता. नव्या प्रतीला ३३०७ क्रमांक देताच प्रश्न सुटला. रुग्णाचा जुना केसपेपर न वाचता चौथ्यांदा तेच औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांबद्दल आपण काय बोलतो, ते मला ठाऊक आहे.

दुसरा अडथळा लिपीचा. येथे मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण लक्षण एकसारखे दिसले तरी आजार तीन असतात. अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसल्या तर मजकूर शाबूत असतो. केवळ त्या संगणकात योग्य टंक नसतो. विचित्र युरोपीय अक्षरांच्या रांगा दिसल्या तर मजकूर बहुधा आत असतो, पण चुकीच्या संकेतप्रणालीने वाचला जात असतो, आणि काळजीपूर्वक उलटविल्यास पूर्ववत होऊ शकतो. परंतु आत साठविताना सगळी प्रश्नचिन्हेच पडली असतील, तर मजकूर गेला; तो मूळ फायलीतूनच पुन्हा आणावा लागतो. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत 'लॅटिन वन' ही पश्चिम युरोपची संकेतप्रणाली गृहीत धरलेली असे. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून 'यूटीएफएट एमबीफोर' ही सर्वसमावेशक प्रणाली मूळचीच असते. मी तक्ते एका जुन्या नमुन्यावरून केले होते आणि सर्व मराठी-कन्नड नावांची प्रश्नचिन्हे करून बसलो होतो. तक्ता, जोडणी आणि आयात होणारी फाइल या तिन्ही ठिकाणी एकच प्रणाली आहे ना, हे आधी पाहावे. युनिकोडपूर्व काळातील मराठी टंकांत लिहिलेल्या फायली असतील, तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावाचून पुढे जाऊच नये.

मग ती रात्र. शनिवारी रात्री दहाला भेटींची आयात सुरू केली. दोनशेव्या ओळीच्या आसपास 'मजकूर लांब आहे' अशी त्रुटी येऊन काम थांबले. पुढे पुन्हा एका तारखेवर थांबले. मी वैतागलो, आणि माहितीपुस्तिकेत 'स्ट्रिक्ट मोड' नावाची शिस्त बंद करता येते असे वाचून ती बंद केली. त्रुटी थांबल्या. या कृत्याकडे नंतर येतो. रविवारी सकाळी साडेसहाला उठून पाहतो तो साडेआठ तासांत १,९०,००० ओळी, म्हणजे निम्म्याही नाहीत, आणि वेग उतरता.

एका संगणक विक्रेत्याने फोनवरच निदान केले : रॅम वाढवा. माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने विचारले, "मामा, तुम्ही ताप बघून लगेच अँटिबायोटिक देता का? आधी 'एक्सप्लेन' लावून बघा." 'एक्सप्लेन' ही आज्ञा डेटाबेस एखाद्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या मार्गाने शोधणार आहे ते सांगते. आपल्या भाषेत क्ष-किरण चित्रच. त्या चित्रात दोन व्याधी दिसल्या नाहीत, एकच दिसली. दुसरी विचारपूस करता कळली.

दिसलेली व्याधी अशी. प्रत्येक भेट भरताना ती कोणत्या मुलाची, हे आमचा आज्ञाक्रम मुलांच्या तक्त्यात शोधत होता. त्या तक्त्यात केसपेपर क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे सूची, होती. तरीही दर वेळी सर्व ३८,००० ओळी वाचल्या जात होत्या. कारण मुलांच्या तक्त्यात क्रमांक अक्षररूपाने होता, '००४१२' असा. आणि भेटींच्या फायलीत एक्सेलने पुढची शून्ये गिळून त्याचा ४१२ हा अंक केला होता. अक्षररूपाची तुलना अंकाशी करावयाची झाल्यास मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतील अक्षरांचा अंक करून पाहते. उत्तर बरोबर येते, पण सूची निरुपयोगी ठरते. ४,६०,००० भेटी गुणिले ३८,००० मुले : सुमारे १,७४८ कोटी ओळींचे वाचन! उत्तर बरोबर येत असल्यामुळेच हा दोष लक्षात आला नाही.

न दिसलेली व्याधी 'कमिट'ची. प्रत्येक ओळ स्वतंत्र व्यवहार म्हणून भरली, तर ती खरोखर डिस्कवर उतरली याची खात्री झाल्यावरच डेटाबेस पुढे जातो. माझी जुनी फिरती डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला १२०. त्यामुळे अशा खात्रीच्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात, आणि प्रत्येक नोंदीमागे एकाहून अधिक लेखने असल्यास त्याहूनही कमी. प्रत्येक बाळाचे वजन घेतल्यावर तेवढा एक आकडा लिहिण्यासाठी तळघरातील कपाटापर्यंत जाऊन यावे, तसे. हजारो ओळी एकाच व्यवहारात बांधल्या की ही येरझार संपते. रॅमचा यात काही संबंध नव्हता. सगळा साठा मिळून शंभर एमबीही भरत नव्हता.

क्रमांकांचे रूप सारखे केले, ओळीओळीने भरण्याऐवजी 'लोड डेटा' ही घाऊक आज्ञा वापरली, आणि रात्रभराचे काम काही मिनिटांत झाले. मी खूश झालो. ताईंना पेढे दिले.

पंधरा दिवसांनी घशाच्या संसर्गाने तापलेला एक सहा वर्षांचा मुलगा आला. पडद्यावरची त्याची नोंद वाचून मी अमॉक्सिसिलिन लिहिले. आई चिठ्ठी हातात घेऊन म्हणाली, "डॉक्टर, ह्याला हे औषध सोसत न्हाई म्हणून तुम्हीच लिवून ठेवलंय न्हवं?" कपाटातून वही काढली. माझ्याच अक्षरात शेरा होता : कुटुंबाची माहिती, आजीचा दमा, मागील आजारपण, आणि अखेरीस लाल शाईने, पेनिसिलिन गटाने अंगभर पित्त उठून ओठ सुजले, पुन्हा देऊ नये. पडद्यावरचा शेरा आजीच्या दम्यापाशी संपला होता. त्या रकान्याची रुंदी मी पन्नास अक्षरे ठेवली होती. स्ट्रिक्ट मोड चालू असता तर डेटाबेसने ती ओळ नाकारली असती, जशी पहिल्या रात्री नाकारली होती. मी त्याचे तोंड बंद केले होते. मग त्याने उरलेली अक्षरे निमूटपणे छाटली आणि केवळ एक सूचना नोंदवली, जी मी वाचली नाही. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून ही शिस्त मूळचीच चालू असते, ती उगीच नाही. 'लोड डेटा'च्या आज्ञेत 'लोकल' हा शब्द घातला, तर शिस्त चालू असूनही अशा त्रुटी निव्वळ सूचना बनतात, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हते.

त्याच रात्री सगळा डेटाबेस पुसला आणि पुन्हा आरंभ केला. या वेळी आधी एक कच्चा तक्ता केला, ज्यातील प्रत्येक रकाना मोठा आणि निव्वळ मजकुराचा. फायली तशाच्या तशा त्यात ओतल्या. त्यास एक मिनिटही लागले नाही. मग तेथेच प्रश्न विचारले. सर्वांत लांब शेरा किती अक्षरांचा? जन्माआधीची तारीख असलेल्या भेटी किती? मुलाविना भेटी किती?

तारखांनी सर्वाधिक छळले. एका संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची होती. त्यावर ३ जुलैचा ७ मार्च झाला होता. पण २५ जुलै मात्र तारीख म्हणून ओळखलाच न गेल्याने मजकूर म्हणून शाबूत राहिला होता. म्हणजे जे अडले ते खरे आणि जे सुरळीत गेले ते खोटे. चार महिन्यांनी वय चुकलेल्या बाळाच्या लसींचे वेळापत्रक काय होईल, हे आपणांस सांगावयास नको. सुदैवाने आमचे केसपेपर क्रमांक चढत्या क्रमाने होते, तेव्हा शेजारच्या क्रमांकांशी न जुळणारी नोंदणीची तारीख चटकन उघडी पडली; जन्मतारखा पहिल्या भेटीत लिहिलेल्या वयाशी ताडून पाहिल्या. बारशापूर्वी 'बेबी ऑफ' म्हणून आणि बारशानंतर नावाने, अशी दोनदा नोंदलेली बाळे जन्मदिवस व आईच्या नावावरून शोधली. गावांसाठी वेगळा तक्ता केला, कारण १ नोव्हेंबर २०१४ च्या नामांतराआधीचे व नंतरचे धरून एकट्या बेळगावची माझ्याकडे नऊ रूपे होती, निपाणीची चार.

एवढी चिकाटी कशासाठी, असे एका मित्राने विचारले. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेला मिसोप्रोस्टॉलचा अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, हे आपणांस स्मरत असेल. आपल्याच जिल्ह्यातील खेड्यांतल्या १,६२० स्त्रिया; प्रसूतीनंतरचा रक्तस्राव एका गटात १२ टक्के, औषध दिलेल्या गटात ६.४ टक्के. दोन्ही गट निम्मे-निम्मे धरले तर हा सारा फरक सुमारे पंचेचाळीस स्त्रियांचा आहे. तेवढ्या ओळी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर?

पडताळणीस तीन रविवार लागले. त्यानंतर कच्च्या तक्त्यातून मुख्य तक्त्यांत सर्व ओळी एकाच व्यवहारात, शिस्त चालू ठेवून नेल्या. त्यास चार मिनिटे लागली. सतरा ओळी डेटाबेसने नाकारल्या. त्या ताईंनी आणि मी वह्या समोर ठेवून हातांनी भरल्या. औषधांच्या वावड्यासाठी आता स्वतंत्र रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही, 'नाही' असेल तर 'नाही' लिहावेच लागते. वह्या अजून कपाटातच आहेत.