जर्नल पूर्ण, प्रोग्राम बंद

यंदा ज्यांना एंटरप्राइज जावाचा पेपर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या सरांनी वाचलं तरी हरकत नाही.

लॅबमधल्या मशीन्सवर टॉमकॅट जुना होता. प्रॅक्टिकलचा कोड सर पेन ड्राइव्हवरून द्यायचे. तोच सगळ्यांनी टाइप करायचा, आउटपुटचा स्क्रीनशॉट चिकटवायचा आणि सही घ्यायची. घरी मी टॉमकॅट १० टाकला. सरांनी दिलेली जार फाइल जोडलेली असल्यामुळे कोड विनातक्रार कंपाइल व्हायचा. सर्व्हर सुरू व्हायचा, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि ब्राउझरमध्ये ४०४! सरांना विचारलं तर स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, "व्हायरस असेल. फॉरमॅट मार." मारला. ४०४ तसाच. पुन्हा विचारलं तेव्हा अख्ख्या वर्गासमोर म्हणाले, "काहींना बघून लिहितानासुद्धा स्पेलिंग जमत नाही." वर्ग खदखदून हसला.

शेवटी उत्तर सापडलं ते टॉमकॅटच्याच मायग्रेशन गाइडमध्ये. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण जावा या नावावरचा हक्क स्वतःकडेच ठेवला. म्हणून नाव झालं जकार्ता ईई, आणि २०२० च्या नवव्या आवृत्तीत पॅकेजेसची नावंही बदलली. जावाएक्स डॉट सर्व्हलेटचं जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. टॉमकॅट १० फक्त नवी नावं ओळखतो. माझ्या क्लासवरचं अ‍ॅनोटेशन जुन्या पॅकेजमधलं, म्हणजे सर्व्हरच्या लेखी तो सर्व्हलेटच नव्हता. इम्पोर्ट बदलले, जार बदलली, पान उघडलं. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला आनंदापेक्षा संताप जास्त आला होता. स्पेलिंग म्हणे!

सकाळी सरांना दाखवलं. "हे सिलॅबसमध्ये नाही. जर्नलमध्ये जावाएक्सच लिही, नाहीतर सही मिळणार नाही." एवढंच. स्पेलिंगबद्दल अवाक्षर नाही.

तर, जुना कोड चालवायचा असेल तर सरळ टॉमकॅट ९ घ्या. दहाच हवा असेल तर वॉर फाइल 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' या नावाच्या फोल्डरमध्ये टाका (नसेल तर तयार करा), टॉमकॅट स्वतःच ती बदलून घेतो.

डेटाबेसचं कनेक्शन उघडलंत तर बंद करा. आमच्या जर्नलमधल्या एकाही प्रोग्रामात ते बंद केलेलं नव्हतं. लॅबमध्ये एकच जण बटण दाबतो, त्यामुळे काही कळत नाही. मायएसक्यूएलमध्ये मूळ मर्यादा १५१ कनेक्शन्सची असते. घाईघाईने रिक्वेस्ट्स पाठवून बघा. 'ट्राय विथ रिसोर्सेस' जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून आहे. ते शिकवायला वेळ मिळाला नसेल.

ट्रान्झॅक्शनची व्याख्या लिहून मला पूर्ण मार्क मिळाले होते. मुलाखतीत विचारलं, एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी एक्सेप्शन आलं, तर तुमच्या कोडमध्ये काय होईल? पैसे गायब होतील, कारण जेडीबीसीत ऑटोकमिट मुळातच चालू असतं आणि पहिलं अपडेट तिथल्या तिथे कायम होतं. हे मला तिथे समोरच्या माणसाने सांगितलं. ती नोकरी गेली. तुम्ही दोन अपडेट्सच्या मध्ये मुद्दाम एक्सेप्शन फेका आणि टेबल उघडून बघा. स्प्रिंगमध्ये 'ट्रान्झॅक्शनल' लिहिलं म्हणजे भागलं असंही नाही. वेगळं सांगितलं नाही तर चेक्ड एक्सेप्शनवर रोलबॅक होत नाही. हाही प्रश्न हमखास येतो.

बाकी नेहमीचंच: गिट वापरा, डॉक्युमेंटेशन वाचा, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. प्रोजेक्ट विकत घेऊ नका. आमच्या वर्गात ज्याने घेतला त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळाले, ते जाऊ दे.

जर्नलवरून सरांशी वाद घालू नका, केटी लागली तर तुम्हालाच लागेल. सांगतील ते लिहून द्या आणि चालणारा कोड गिटवर वेगळा ठेवा. आतापर्यंत एकाही मुलाखतीत माझं जर्नल कुणी मागितलेलं नाही.