जुना ट्रक कॅम्पर : रंग शेवटी, गळती आधी!

जुनी वस्तू घ्यायची, घरी दुरुस्त करायची आणि विकायची, या धंद्याचं आजचं उदाहरण अमेरिकेतलं. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसणारी छोटी खोली.

१९६०-७० च्या दशकांतल्या बऱ्याच कॅम्परचा सांगाडा लाकडी, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा वरून चकाचक दिसतो, पण सांध्यातून पाणी शिरलं की आतलं लाकूड कुजतं. नवखा माणूस रंग बघून भाव ठरवतो आणि तिथेच फसतो.

म्हणून सौद्याआधी छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालची बाजू आणि ड्रायव्हरच्या केबिनवर येणाऱ्या पलंगाखालची फळी अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागली? मग लाकूड आणि मजुरी भावातून वजा करा.

कामाचा क्रम असा :
१. कुजलेलं लाकूड बदला.
२. सांध्यांना ब्युटाइल टेप लावा, पाणी मारून तपासा.
३. मग वायरिंग आणि गॅस.
४. रंग सगळ्यात शेवटी.

आणि हो, स्वतःचे तास रोज वहीत लिहा. घरचं काम म्हणजे फुकटचं काम नव्हे! ते न धरता काढलेला नफा कागदावरच राहतो.

आजचा गृहपाठ : तुमच्या धंद्यात पत्र्याआड कुजणारं लाकूड कोणतं? आजच शोधा.