धबधब्याखालील डोह : काही खुणा

जव्हारच्या वनप्रदेशात दाभोसा येथे लेंडी नदी सुमारे ३०० फुटांवरून डोहात कोसळते. कोसळते पाणी व गरगरणारे दगडगोटे कातळ कोरीत असल्याने अशा डोहांचा तळ सपाट नसतो. कमरेइतक्या पाण्यात एक पाऊल पुढे पडताच पाय अधांतरी होतात. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते. तेथे पट्टीचा पोहणाराही नीट तरंगत नाही. डोंगरमाथ्यावर पाऊस झाला की, खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ पाणी अचानक वाढून एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. पाणी गढूळणे, पालापाचोळा वाहत येणे ही लोंढ्याची पूर्वसूचना होय. गुराख्यास ती ठाऊक असते, पाहुण्यास नसते. नुसते ‘सावधान’ लिहिण्यापेक्षा ग्रामपंचायतीने फलकावर ही खूण लिहावी.