सेवानिवृत्ती कधी घ्यावी आणि "कधी?" विचारणाऱ्यांना काय सांगावं?



आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. पंचावन्नी ओलांडली की प्रत्येक नोकरदाराच्या मागे एक प्रश्न लागतो. ठाणा पेट्रोल पंपला भाजी घ्यायला गेलं तरी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आता किती वर्षं राहिली जी?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण आपलंच काही ठरलेलं नसेल तर तो प्रश्न दिवसभर डोक्यात फिरत राहतो.

आमच्या जवाहरनगरात हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो. ही वसाहतच आयुध निर्माणीची. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत क्वार्टरही सोडावं लागतं. म्हणून इथे "रिटायर कधी?" याचा अर्थ "सामान कधी हलवणार? घर भंडाऱ्याला बांधलं की नागपूरला?" असाही असतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या आयुध निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि आमची निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली. तेव्हा "थांबायचं की निघायचं?" हा विषय घरोघरी चहासोबत निघायचा.

माझे यजमान निर्माणीत आहेत आणि मी जवळच्या एका शाळेत शिकवते. मी स्वतः या प्रश्नातून जात आहे. त्यात माझ्या चुकाही झाल्या. त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हा लेख.

१) आधी तारीख समजून घ्या

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ६० आहे. १९९८ पूर्वी ते ५८ होतं. महाराष्ट्रात शाळेतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. मात्र जन्मतारीख १ असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी.

आता बघा, आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै आहे. गुरुजींनी नाव घालताना जी तारीख लिहिली, ती आयुष्यभराची झाली! माझी १ जून. म्हणजे मी ३१ मे रोजी निवृत्त होणार. १ जुलैवाले ३० जूनला होतात आणि दुसऱ्याच दिवशीची वेतनवाढ हुकते. वर्षभर काम करून मिळवलेली ही वेतनवाढ नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. तुमची तारीख अशी असेल तर कार्यालयात नक्की विचारा.

ही झाली सरकारने ठरवलेली तारीख. त्याआधी जायचं असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मात्र राज्य सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आणि केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांचं गणित वेगळं आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतून वेळेआधी बाहेर पडलं तर जमा रकमेतला बराच मोठा भाग वार्षिकीत गुंतवावा लागतो. सहकाऱ्याचा आकडा पाहून आपला निर्णय घेऊ नका.

२) मग कारण तपासा

मागच्या दिवाळीत मी ठरवलं, आता बस्स! एक वर्ष आधीच निघायचं. का? कारणं एका कागदावर लिहून काढली. ती तीन होती.

पहिलं, माहिती भरण्याची ऑनलाइन कामं नकोशी झाली होती. दुसरं, पाचव्या तासानंतर घसा बसायचा. तिसरं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत.

मग प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहिला: नोकरीत राहून यावर उपाय आहे का? ऑनलाइन कामाची वाटणी मुख्याध्यापकांशी बोलून बदलून घेता आली. मी इतकी वर्षं मागितलीच नव्हती! घशासाठी डॉक्टरांनी पाणी, विश्रांती आणि आवाज न चढवता बोलण्याचा सराव सांगितला. तासांचा क्रम बदलला. फरक पडला. तिसऱ्या कारणावर मात्र उपाय नव्हता. बाई ठेवून पाहिली, पण सासूबाई तिच्या हातून जेवत नाहीत. आणि त्यांच्याकडे किती वर्षं आहेत हे कोणालाच माहीत नाही.

मग खर्च मांडला. एका वर्षाचा पगार आणि निवृत्तिवेतन यातला फरक, एक वेतनवाढ, उपदानात पडू शकणारी घट. आकडा लहान नव्हता. पण यजमान माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. माझं ५८ आणि त्यांचं ६० एकाच वर्षी येतं. तोवर क्वार्टर आहे, एक पगार आहे. जमेल, असं दिसलं.

थकव्यावर रजा हा उपाय असू शकतो, वैतागावर संवाद. या दोन्हींनी न सुटणारं कारण उरलं, तरच वेळेआधी जाण्याचा विचार करावा.

३) वीस वर्षांचा शब्द

आपल्याकडे शिक्षकांच्या निवृत्तीचा एक जुना धडा आहे. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अगदी थोड्या पगारावर २० वर्षं सेवेचा शब्द देत असत. महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला आले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. त्यांचा जन्म १८५८ चा. म्हणजे तेव्हा त्यांचं वय किती होतं? ५८! ज्या वयात आपल्याला नारळ आणि शाल मिळते, त्या वयात त्यांनी विद्यापीठ उभं केलं. पुढे ते १०४ वर्षं जगले.

यावरून आपणही विद्यापीठ काढावं असं मी म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. दिलेला शब्द पूर्ण झाला की माणूस मोकळ्या मनाने पुढच्या कामाकडे जाऊ शकतो. म्हणून स्वतःला विचारा, मी कोणाला कोणता शब्द दिला आहे? आणि तो कधी पूर्ण होतो?

४) कोणाला आधी सांगायचं?

इथे माझी मोठी चूक झाली. घरी बोलण्याआधी मी स्टाफरूममध्ये एका मैत्रिणीला सहज म्हटलं, "मी बहुतेक पुढच्या वर्षी सोडणार." चार दिवसांनी यजमानांना निर्माणीच्या गेटवर कोणीतरी विचारलं, "वहिनी नोकरी सोडतात म्हणे?" ते घरी आले, जेवले, आणि ताट उचलताना एवढंच म्हणाले, "मला शेवटी कळवायचं ठरवलं होतंस का?" मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी चूक त्याहून जड. आठवीतल्या एका मुलीची आई भेटली. "मॅडम, दहावीपर्यंत तुम्ही आहात ना?" मी नेहमीच्या सवयीने "हो हो, आहे ना" म्हणून गेले. नंतर कळलं, मुलीला भंडाऱ्याच्या शाळेत घालायचं त्यांच्या मनात होतं. माझ्या "हो" वर त्यांनी तो विचार सोडून दिला. तेव्हा लक्षात आलं की आपल्याला जो साधा चौकशीचा प्रश्न वाटतो, त्यावर समोरच्याचा एखादा निर्णय अडकलेला असतो. मी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं. त्या क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. आता आम्ही नीट विचार करू."

म्हणून क्रम असा ठेवा: आधी घर, मग मुख्याध्यापक, मग ज्यांच्या मुलांचं वर्ष आपल्याशी जोडलेलं आहे ते पालक, आणि मग बाकी जग.

५) प्रश्न आणि उत्तरं

क्रिकेटमध्ये म्हणतात, लोक "कधी?" विचारायच्या आत निवृत्त व्हावं, म्हणजे ते "का?" विचारतात. सुनील गावसकर मार्च १९८७ मध्ये बंगळुरूला शेवटच्या कसोटीत ९६ धावा करून थांबले, तेव्हा लोकांनी खरंच "का?" विचारलं. खेळाडूला ते शोभतं. पण आपण लोकांच्या प्रश्नावरून तारीख ठरवायची नसते.

"एवढ्यात का?" : खरं कारण एका वाक्यात सांगा. मी सांगते, "सासूबाईंना माझी गरज आहे." लांबण लावलं की समोरचा वाद घालायला बसतो.

"किती पैसे मिळतील?" : "नियमाप्रमाणे जे बसतात ते." हसून विषय बदला. पण धाकटा सहकारी स्वतःच्या नियोजनासाठी विचारत असेल तर त्याच्यासोबत बसून नियम समजावून सांगा.

"मग दिवसभर करणार काय?" : ठरलं असेल तर सांगा. नसेल तर "अजून ठरवायचंय" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

"अजून ठरलं नाही का?" : "ठरलं की जानेवारीत सांगेन." तारीख ठरली नसली तरी कळवण्याचा महिना सांगता येतो, म्हणजे समोरच्याला थांबता येतं.

मुलं सगळ्यात थेट विचारतात. "मॅडम, तुम्ही म्हाताऱ्या झाल्या का?" मी म्हटलं, "थोडीशी झाले. पण घरी माझ्याहून म्हातारं कोणीतरी आहे, त्यांना सांभाळायचंय." वर्ग शांत झाला. मग एकजण म्हणाला, "माझी आजीपण आहे तशी." मुलांना खरं उत्तर पेलतं.

६) शाळेचं वर्ष मोडू नका

स्वेच्छानिवृत्ती घेताना नोटिशीचे तीन महिने सत्राच्या शेवटापासून उलटे मोजा. एप्रिलअखेर जायचं असेल तर जानेवारी संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे. वर्षाच्या मधेच गेलो तर मुलांचं नुकसान होतं. अभ्यासक्रम कुठवर झाला, कोणाला वाचनात अडचण आहे, कोणाच्या घरी काय चाललंय, हे एका वहीत लिहून पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या. सेवापुस्तकातल्या नोंदी आणि वारसाचं नामनिर्देशन वेळेवर तपासून घ्या.

तर माझं ठरलंय. पुढच्या सत्राच्या शेवटी, एप्रिलअखेर. त्या आईलाही तीच तारीख सांगितली आहे. मुलगी नववी माझ्याकडेच करणार, आणि दहावीचं आम्ही तिघी मिळून ठरवणार आहोत.

तुमच्यासाठी कृती

एक कोरा कागद घ्या. निवृत्त व्हावंसं वाटण्याची सगळी कारणं लिहा. नोकरीत राहून ज्यांवर उपाय आहे ती खोडा. जे उरेल ते घरच्यांना वाचून दाखवा. काहीच उरलं नाही, तर उद्या वेळेवर शाळेत जा, मुलं वाट बघत असतील!

पालकांनाही एक विनंती. शिक्षकांना "कधी रिटायर होताय?" विचारताना आपण का विचारतोय तेही सांगा. म्हणजे आम्हाला नीट उत्तर देता येईल.