हिस्लॉप : एका वास्तूच्या नावामागील धर्मोपदेशक

आपल्या शाळेतून दहावी होऊन नागपूरला गेलेली मुले सुटीत भेटावयास येतात, तेव्हा हिस्लॉप कॉलेजचे नाव हमखास निघते. हा हिस्लॉप कोण, असे आम्ही विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : कोणी इंग्रज सेनापती असावा. या समजुतीला आधार नाही असे नाही. 1817 मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव करणारा सेनापती सर थॉमस हिस्लॉप हाच होता. परंतु महाविद्यालयाचे नाव त्याचे नव्हे. योगायोग असा की, ज्यांचे ते नाव आहे ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये जन्मले.

स्कॉटिश फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते 1845 मध्ये नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होता. तो झाकण्याचे कारण नाही, आणि तेवढ्यावरून त्यांचे बाकीचे काम पुसण्याचेही नाही. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील वालुकाश्मातून त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी प्राचीन प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष गोळा केले. आपल्या कोरपना परिसरातील चुनखडीकडे आज सिमेंटचा कच्चा माल म्हणून पाहिले जाते. खडक हा वाचण्याचाही विषय आहे, हे या भागात दाखविणाऱ्या आरंभीच्या लोकांपैकी ते होते.

आमच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम दुसरेच आहे. गोंड समाजाची लिंगोची गाथा त्यांनी एका परधानाच्या तोंडून लिहवून घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद संपादित करून छापले; त्यात मूळ गोंडी शब्द रोमन लिपीत आहेत. ज्यांची भाषा शाळेच्या पाटीवर कधी उमटली नव्हती, त्यांचे शब्द असे छापखान्यात पोहोचले. मात्र वास्तूला नाव मिळाले ते ऐकणाऱ्याचे. सांगणाऱ्या परधानाच्या नावाची एकही इमारत आमच्या पाहण्यात नाही, आणि कोरपन्यात बसून लिहिताना हे टोचल्याशिवाय राहत नाही.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना हिस्लॉप बोरी येथे शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. अंधारात ओढ्याला पूर आलेला होता. घोडा छावणीवर पोहोचला, स्वार आला नाही. सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. वीस वर्षांनी, 1883 मध्ये, महाविद्यालय सुरू झाले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

नाव देण्याची आणखी एक रीत आपल्याला ठाऊक आहे. औरंगाबादेत 1950 मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयासाठी बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव निवडले. भिक्खू नागसेनाचे नाव परिसराला मिळाले, नागसेनवन. विद्यार्थी ज्या इमारतीत शिकतात तिला मात्र प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. उत्तर देणारा भिक्खू थोर खराच, पण आपला पराभव उघडपणे मान्य करणारा प्रश्नकर्ता बाबासाहेबांना विद्यार्थ्यांपुढे ठेवावासा वाटला.

या वर्षी नववीच्या वर्गाला आम्ही एक काम दिले आहे. आपल्या गावातील शाळा, समाजमंदिर, तलाव, चौक यांची नावे कोणी व केव्हा ठेवली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावयाचे. सांगणाऱ्याचे नावही त्याखाली लिहावयाचे आहे.