मक्याच्या लाह्या आणि घरचे यंत्र

सुट्टीत आमच्या घरी पॉपकॉर्नचे यंत्र आले. पहिल्याच दिवशी निम्मे दाणे न फुटता तसेच राहिले. आम्ही लगेच यंत्राला नावे ठेवली, परत करायलाही निघालो. खरा दोष दाण्यांचा होता. बरणी कित्येक महिने उघडीच पडली होती!

दाण्यात साधारण 14 टक्के ओलावा लागतो. सुमारे 180 अंश सेल्सिअसला त्याची वाफ कठीण साल फोडते आणि आतले पिष्ट फुलून लाही होते. दाणा सुकला की वाफ कमी पडते. आम्ही बरणीत चमचाभर पाणी घातले, झाकण घट्ट लावून हलवली आणि दोन-तीन दिवस ठेवली. मग लाह्या छान फुलल्या. आपण इंदूरकर ज्या भुट्ट्याचा कीस करतो, त्याचे दाणे मात्र वाळवूनही असे फुलत नाहीत. लाह्यांच्या मक्याची जातच निराळी.

गरम हवेच्या यंत्राला तेल लागत नाही. त्यात तेल-लोणी घालूच नये. लाह्या कोरड्या होतात, मीठ चिकटत नाही. तेलाच्या यंत्रात चव अधिक, पण भांडे घासायचे कोणी? आम्ही हवेचेच पसंत केले. दाणे खुणेपर्यंतच भरावेत, झाकण मोठ्यांनीच उघडावे. चार वर्षांखालील भावंडांना लाह्या देऊ नका, घशात अडकतात.